धुऱ्यावरची मावशी

आमच्या गावात साप निघाला की लोक आधी माझ्या नवऱ्याला फोन लावायचे, देवाची आठवण त्यानंतर. संघदीप सर्पमित्र होता. पोटासाठी तो घरोघरची वायरिंग करायचा, पण कोणी ओळख विचारली तर सर्पमित्र हीच सांगायचा, आणि मोटारसायकलच्या पुढच्या पत्र्यावर तसं रंगवूनही घेतलं होतं. दिग्रसच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, म्हणून घरात मी त्याला तू म्हणायचे आणि चारचौघांत तुम्ही. जेवताना फोन आला की तो ताट तसंच टाकून उठायचा. एवढ्या घाईनं तर तू लग्नालाही आला नव्हतास, असं मी ताट झाकताना म्हणायचे, पण तोवर तो गल्लीच्या टोकाला पोचलेला असायचा.

साप पकडण्यात त्याचं नाव होतं, पण खरा जीव होता तो सापसुरळीवर. बोटभर लांब, घासलेल्या पितळेसारखी चकचकीत, पाठीवर दोन पिवळट रेघा, आणि पाय इतके बारके की धावताना दिसतच नाहीत. साप सरकल्यासारखी दिसते म्हणून आमच्याकडे तिला सापाची मावशी म्हणतात आणि दिसली की ठेचतात. ती नुसती चाटली तरी माणूस मरतो, असं म्हणणारे शिकलेले लोकही मी पाहिले आहेत. हे ऐकलं की संघदीप पेटायचा. आमच्या घरात उतारा नाही, गंडादोरा नाही, अंगात येणं नाही. माझ्या आजेसासऱ्यांनी छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर ते सगळं सोडलं ते कायमचं. त्यामुळे लोकांच्या खोट्या समजुती मोडणं हे त्याला घरचंच काम वाटायचं. विहारात, पानठेल्यावर, कोणाच्या तेरवीला गेला तर तिथेसुद्धा तो सांगत बसायचा, की या बिचारीला विष नाही, ही मुंग्या आणि उधई, म्हणजे वाळवी, खाते, शेतकऱ्याचं भलंच करते.

ही मावशी राहायची आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. आमचं म्हणजे बटईचं. शेत दिग्रसच्या नंदकिशोरबाबूंचं आणि मेहनत माझे सासरे डोमाजी यांची. मी त्यांना मामाजी म्हणायचे. धुऱ्यावर मोहाचं एक जुनं झाड आहे. त्याच्याखाली दगडांचा मोठा ढीग आहे, पिढ्यान्‌पिढ्या वखरणी करताना वर आलेले गोटे लोकांनी तिथे आणून टाकलेले. वरचे दगड उन्हानं पोळतात, पण खालच्या सांदीत मोहाची पानं कुजून मऊ झालेली असतात आणि भर उन्हाळ्यातही तिथे ओल असते. त्या ओलीत सापसुरळी अंडी घालते, थंडीत तिथेच दडते, सकाळी ऊन खायला वरच्या दगडावर येते. हे सगळं मला संघदीपनं शिकवलं. नवीन लग्न झालेल्या बायकोला कोणी सिनेमाला नेतो, मला यानं दगडाच्या ढिगाला नेलं.

तिचा एक चांगला फोटो काढायचा, हे त्याचं कितीतरी वर्षांचं स्वप्न. तो मोबाइल धरून पोटावर पडून राहायचा, अंगावर मुंग्या चढल्या तरी हलायचा नाही. पण नुसती सावली पडली, श्वास जरा मोठा झाला, की पानांत सळसळ व्हायची आणि दगड रिकामा. त्याच्याकडे फोटो जमले होते ते सगळे शेपटीचे. मामाजी बिडी ओढत गंमत पाहायचे. ती सापाची मावशी आहे, तुझी नाही, तुला कशाला भेटेल, असं म्हणून ते हसायचे, आणि बापलेक दोघंही बराच वेळ हसत राहायचे. मामाजी हसले की त्यांचे डोळे पूर्ण मिटायचे. असा साधा माणूस मी माहेरीही पाहिला नाही.

मग दोन हजार सतराचा हंगाम आला. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वेड्यासारखी वाढली, माणसाच्या डोक्यावर गेली. उंची पाहून गावातले लोक आधी खूश होते. मग बोंडं फोडून पाहिली तर आत गुलाबी अळी. दुकानदारानं एक औषध दिलं, त्यानं भागलं नाही तेव्हा त्यात दुसरं मिसळायला सांगितलं, मग तिसरं. नंदकिशोरबाबूंचे फोन सुरू झाले, की या आठवड्यात सगळं शेत मारून झालं पाहिजे. मामाजी पाठीवर पंप घेऊन त्या उंच झाडांत शिरायचे आणि बाहेरून फक्त पानं हललेली दिसायची. दरवर्षी औषध कमरेखाली पडायचं, त्या वर्षी ते वरून त्यांच्याच तोंडावर परत यायचं. संध्याकाळी घरी आले की माझी सासू नलूबाई त्यांचे कपडे काठीनं उचलून वेगळे टाकायची. वास जायचा नाही, भाकरीलासुद्धा लागायचा.

औषध कालवायची जागा मोहाखालीच होती. तिथे सावली, जवळ नाल्याचं पाणी, आणि डबे ठेवायला दगडांचा ढीग. ड्रममध्ये काठीनं ढवळायचं, पंप भरायचा, काम संपलं की पंप तिथेच विसळून पाणी त्याच दगडांवर ओतायचं. पहिल्या दिवशी मला ते पाहून कसंतरी झालं होतं. पण आमच्याच नव्हे, सगळ्याच शेतांत ते तसंच चाललं होतं.

पोळा झाला, त्यानंतरची गोष्ट. एके सकाळी संघदीप शेतातून धावतच घरी आला. मला वाटलं काही वाईट झालं. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत त्याचा तळहात होता आणि तळहातावर सापसुरळी बसलेली होती. पळत नव्हती, शेपूट आपटत नव्हती, शांतपणे बसून होती. मागून त्याचा आवाज येत होता, की पहा, प्रेम दिलं की प्रेम मिळतं, ही आता मला ओळखते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मीसुद्धा त्या वेळी आनंदले, खोटं कशाला सांगू.

तो व्हिडिओ गावभर फिरला, गावाबाहेरही गेला. ढाणकीकडून, राजूरच्या खाणीतल्या एका कामगाराकडून, कुठून कुठून फोन येऊ लागले. रोज सकाळी संघदीप धुऱ्यावर जायचा आणि रोज त्याला मावश्या भेटायच्या, कधी एक, कधी दोन-तीन, उघड्या दगडावर. त्यांना उचलून मनगटावर, खांद्यावर ठेवायचा. गावातल्या बाया, ज्या पूर्वी सापसुरळी म्हटलं की चप्पल उगारायच्या, त्या आता पाहायला यायच्या. माणसाला इतका मान मिळाला की तो चालतानाही वेगळा दिसतो. मी त्याला चिडवायचे, की आता तुझ्या मावश्यांना दिवाळीला साडी घ्यावी लागेल.

एक दिवस मामाजींची न्याहारी घेऊन मी शेतात गेले. मामाजी आत फवारत होते, संघदीप ढिगाजवळ होता. मोहाच्या पानावर एक सापसुरळी होती. मी वाकून पाहिलं. एक मुंगी तिच्या तोंडावरून चालली होती, ओठावरून, मग उघड्या डोळ्याच्या कडेवरून. जी मुंग्या खाऊन जगते तिच्या तोंडावर मुंगी चालत होती आणि ती हलत नव्हती. मागचे पाय मात्र बारीक थरथरत होते.

मी म्हटलं, "संघदीप, हे पयत काहून नाई?"

"ओयखते ते मले," तो म्हणाला. "रोज येतो न मी. जनावराले माया समजते."

"मुंगी तिच्या तोंडावरून चालून राह्यली. खात काहून नाई मग?"

"पोट भरलं असन तिचं."

मी आणखी विचारलं तर तो चिडला. सगळं गाव मान देतं आणि घरचीच माणसं खोट काढतात, असं काहीतरी बोलला. तेवढ्यात मामाजी पऱ्हाटीतून बाहेर आले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, सदरा पाठीला चिकटला होता. नाल्यात हात बुडवून ते जेवायला बसले आणि भाकरीचा घास तोंडाजवळ नेताना त्यांचा हात हलला, ठेचा धोतरावर पडला. ते हसले आणि वय झालं म्हणाले. हसताना डोळे नेहमीसारखे मिटले, पण पुन्हा उघडायला त्यांना वेळ लागला. मी संघदीपकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये पाहत होता.

त्यानंतर माझ्या मनाला घोर लागला. मामाजींनी आता फवारणी थांबवावी, असं मी घरात दोनदा-तीनदा काढलं. नलूबाईही म्हणाली, की रात्रभर यांच्या पोटऱ्या आपोआप उडतात. मामाजींनी सांगितलं, नाल्याकडची पाच-सहा तासं, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळी, राहिली आहेत, ती झाली की पंप माळ्यावर टाकतो. संघदीपला मी एकट्याला गाठून सांगितलं. तो म्हणाला, बाबा कोणाचं ऐकतात का. माझा राग तेव्हापासूनचा आहे. ज्याला गवतातली शेपटी ओळखू येते त्याला आपल्या बापाचा थरथरणारा हात दिसू नये, याला काय म्हणायचं.

आणि मग तो दिवस. दुपारी शेजारच्या शेतातून निरोप आला की डोमाजी मोहाखाली पडले आहेत. मी आणि संघदीप मोटारसायकलवर पोचलो. मामाजी ढिगाला टेकून आडवे झाले होते, तोंडातून लाळ येत होती, पोट आवळून धरलं होतं, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. बोलायला गेले तर जीभ जड. त्यांच्या पडण्यानं एक मोठा दगड जागचा हलला होता. संघदीपनं तो दगड पाहिला, मामाजींचे पाय पाहिले, हात पाहिले, कुठेच खूण नव्हती. आणि त्याचा चेहरा एकदम शांत झाला, जसा साप सापडल्यावर व्हायचा.

मण्यार, तो म्हणाला. मण्यारीचा दात दिसत नाही, पोट दुखतं, पापण्या पडतात, दिवसा ती दगडाखाली असते आणि दगड हलला की चावते. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. त्यांनी का डोलावू नयेत? आदल्या पावसाळ्यात तांड्यावरच्या जमनीला मण्यार चावली तेव्हा तिच्या माणसांनी मांत्रिकाकडे न्यायची तयारी केली होती, आणि संघदीपनं भांडून तिला दवाखान्यात पोचवलं होतं. ती वाचली. साऱ्या तालुक्यात त्याचं नाव झालं ते त्यामुळेच. त्या दिवशी तो बरोबर होता, म्हणून आजही बरोबर असणार, असं सगळ्यांना वाटलं आणि सगळ्यांत जास्त त्याला.

गावातल्या नेमसिंगची भाड्याची जीप आली. मामाजींना मागे निजवलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. त्यांचा सदरा पाण्यात बुडवल्यासारखा ओला होता आणि तो वास इतका उग्र की माझेच डोळे चुरचुरू लागले. माझ्या साडीलाही ओल लागली.

मी म्हटलं, "सदरा काढा ना त्याइचा. सारा औषधानं भिजला हाये."

"हात लावू नको," संघदीप ओरडला नाही, समजावल्यासारखं बोलला. "सापाच्या मानसाले हलवाचं नसते. हलवलं तं विष चढते."

"आन हे औषध?"

"औषध तं रोजच मारतेत बाबा. आजच काहून होईन?"

सगळ्या रस्त्यात त्यानं बापाचे हातपाय धरून ठेवले, जराही हलू दिले नाहीत. साप चावला असता तर त्याचं वागणं अगदी योग्य होतं. असं त्यानंच शेकडो लोकांना शिकवलं होतं. मामाजींच्या छातीला, पाठीला तो ओला सदरा चिकटून होता आणि आम्ही खड्ड्याखड्ड्यांतून जात होतो. मी एकदा बटणाकडे हात नेला, त्यानं तो बाजूला केला. त्याचे हात गार पडले होते. तोही घाबरलेला होता, हे मला कळत होतं.

वाटेतल्या एका लहान दवाखान्यात थांबलो. डॉक्टर नवा, पोरगेलासा होता, आणि संघदीपचा व्हिडिओ त्यानंही पाहिलेला होता. मण्यार म्हटल्यावर त्यानं सापाच्या विषावरची सलाइन लावली आणि आता वाट पाहू म्हणाला. वीज गेलेली, खोलीत अंधार. आम्ही वाट पाहिली. मामाजींची लाळ थांबेना, छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज यायला लागला, दंडाचे, गालाचे स्नायू आपोआप उडू लागले. शेवटी मला राहवलं नाही. नवऱ्याला डावलून मी डॉक्टरला सांगितलं, की हा माणूस महिनाभर फवारतोय, याचा सदरा हुंगून पहा. डॉक्टर वाकला. मग त्यानं बॅटरी आणली आणि मामाजींची पापणी वर केली. बुबुळातलं काळं मोहरीच्या दाण्याएवढं उरलं होतं.

त्यानंतर एकच धावपळ झाली. कैचीनं सदरा कापून काढला, साबणाचं पाणी आणलं, मी आणि एक नर्स त्यांचं अंग धुऊ लागलो. पाठीवर पंप टेकायचा तिथली कातडी लाल होऊन सोलली होती. दुसरं इंजेक्शन देऊन डॉक्टरनं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जायला सांगितलं. उशीर झालाय, हे तो बोलला नाही, पण मान वर करून त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही. संघदीप दाराशी उभा होता. कोणी त्याला काही विचारत नव्हतं.

अॅम्ब्युलन्समध्ये आम्ही समोरासमोर बसलो. मामाजींच्या नाकातोंडावर ऑक्सिजन होता. यवतमाळचा रस्ता तेव्हा मला संपेल असं वाटेना. संघदीप हळूच म्हणाला, की मण्यार नसेल तर मग बाबांना नेमकं झालं काय. तो खरंच विचारत होता. त्याचा मला जेवढा राग आला तेवढीच त्याची कीवही आली, आणि दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस खरं बोलून जातो.

मी म्हटलं, "त्या पयत नव्हत्या, संघदीप. तुह्या त्या मावश्या. त्याइले पयताच येत नव्हतं."

मग त्यानं स्वतःचा तळहात पाहिला आणि पँटीला पुसला, पुन्हा पुसला, पोचेपर्यंत पुसतच राहिला. बापाच्या अंगाला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही.

मोठ्या दवाखान्यात आत शिरेपर्यंत मला वाटत होतं आमच्या घरावरच हे संकट कोसळलंय. त्या वॉर्डात खाटेला खाट लागलेली होती आणि प्रत्येक खाटेवर फवारणीचा माणूस होता. कोणाच्या डोळ्यांवर पट्ट्या, कोणी बरळत होतं, कोणाचे हात लुगड्याच्या चिंध्यांनी खाटेला बांधलेले, कारण इंजेक्शनानं भ्रम होतो आणि माणूस सलाइन उपसून टाकतो. बायका पायथ्याशी गप्प बसून होत्या. सगळ्या खोलीला तोच वास होता, आमच्या भाकरीला यायचा तो. मामाजींचेही हात बांधले. बांधलेला उजवा हात वरखाली, वरखाली होत राहिला, पंपाचा दांडा हलवावा तसा. नाल्याकडची तासं राहिली, एवढं मला त्यांच्या बोलण्यातलं कळलं.

पहाट झाली तशी त्यांचा हात थांबला. डॉक्टर आले, त्यांनी छाती दाबली, नळ्या लावल्या, मग काढल्या. नलूबाईला गावाहून आणायला जीप पाठवली होती, ती अजून वाटेतच होती. मी मामाजींच्या हाताच्या चिंध्या सोडल्या. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. मला मोठ्यानं रडायचं होतं, पण आजूबाजूच्या खाटांवरची माणसं जिवंत होती आणि त्यांच्या बायका माझ्याकडे पाहत होत्या, म्हणून मी रडले नाही.

संघदीप बापाजवळ नव्हता. मी शोधलं तर तो वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला होता आणि एकेका खाटेपाशी थांबत होता. मला वाटलं, माणूस वेडा झाला. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. तो प्रत्येकाला हात जोडून विचारत होता, की काका, शेतात पडण्याआधी साप दिसला होता का, दगडाबिगडाजवळ बसला होता का, आठवून पहा. कोणी मान हलवत होतं, कोणाला शुद्ध नव्हती. एकानं जरी हो म्हटलं असतं तर बहुतेक त्याला बापाच्या मरणापासून सुटका मिळाली असती. मी त्याच्या दंडाला धरलं, तरी तो पुढच्या खाटेकडे सरकला.

तिथे पूनमसिंग नावाचे एक म्हातारे होते, ढाणकीकडच्या तांड्यावरचे. डोळ्यांवर पट्टी होती, पण बोलणं ठिकाणावर होतं. त्यांनी संघदीपचा प्रश्न पुरता ऐकून घेतला. साप होता का, म्हणून तो पुन्हा विचारू लागला, तेव्हा त्यांनी चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"साप दिसला असता तं पंप फेकून पयालो असतो, बेटा," ते म्हणाले. "औषधाले पाहून कोन पयते? ते तं आपनच आनलं, आपल्याच हातानं कालवलं."

म्हाताऱ्यानं मनगट सोडलं नाही आणि संघदीपनंही ते सोडवून घेतलं नाही. दारातून एक कर्मचारी मोठ्यानं विचारत होता, की डोमाजींचे नातेवाईक कोण आहेत. मी हात वर केला.